औटी मॅडमचा दोरा

औटी मॅडमनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, विषयही विचारला नाही. माझा उजवा हात टेबलावर ओढून घेतला, पर्समधून गोधडीच्या दोऱ्याचं रीळ काढलं, मनगटाभोवती एक वेढा दिला आणि तो दोरा फुटपट्टीवर ताणून धरला.

"पासष्ट किलोचं हाड आहे सर तुमचं," त्या म्हणाल्या. "वरचं सगळं मिसळीचं."

स्टाफरूममधले सगळे हसले. मी नवीन होतो, त्यात माणूस जरा तापट. नारायणगावच्या त्या कॉलेजात गणित शिकवायला रुजू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. मनात म्हटलं, ही बाई आपल्याला जड जाणार. पुढं दहा-बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली आणि माझा अंदाज बरोबर निघाला. फक्त जड म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

शकुंतला औटी प्राणिशास्त्र शिकवायच्या. बुटक्या, ताठ, पदर खांद्यावर पिनेनं पक्का केलेला, चालणं असं की मागच्यानं पळावं. सासर आळ्याचं, माहेर तिथून पलीकडंच, दोन्हीकडं बागायती शेती आणि दोन्हीकडं माळकरी घर. मॅडमच्याही गळ्यात तुळशीची माळ होती. त्या माळेखाली ही बाई दिवसभर हाडं हाताळायची. विद्यार्थी त्यांना मागं 'हाडकी मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी तसं लिहिलंच, तर त्यांनी 'हाडकी' पुसून 'हाडांच्या' केलं आणि शिकवायला सुरुवात केली.

त्या पीएच.डी. करत होत्या. विषय, हरणांच्या पायांची हाडं आणि त्यांच्या देहाचा आकार. भेकर, चितळ, सांबर अशी लहानापासून मोठ्यापर्यंत सगळी हरणं घ्यायची, मेलेली अर्थात, त्यांच्या पायांची हाडं मोजायची आणि नुसत्या हाडावरून जनावर केवढं होतं ते सांगता येतं का ते बघायचं. मी एकदा म्हटलं, "त्यात काय एवढं? जनावर दुप्पट, तर हाड दुप्पट."

त्यांनी माझ्याकडं नापास मुलाकडं बघतात तसं बघितलं. "सर, तुम्ही लग्नाचा मांडव घातलाय का कधी? मांडव दुप्पट मोठा केला आणि मेढी नुसत्या दुप्पट लांब केल्या, तर मांडव नवरदेवाच्या डोक्यावर येतो. मेढी जाड कराव्या लागतात, लांबीच्या मानानं जास्तच जाड. देवानं सांबर करताना भेकराचा पाय नुसता ताणला नाही. त्याला मांडवाचं गणित येतं. तुम्हाला गणिताच्या मास्तरला येऊ नये?"

त्या दिवसापासून त्यांचे आलेख काढायचं काम माझ्याकडं आलं. लांबी आडवी, जाडी उभी. भेकरं खाली डाव्या कोपऱ्यात, सांबरं वर उजवीकडं आणि मधून एक रेघ. प्रत्येक नवं हाड त्या रेघेवर किंवा तिच्या अंगाला येऊन बसायचं, आणि तसं बसलं की मॅडम खुशीत म्हणायच्या, "हाड खोटं बोलत नाही." हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलालाही त्या हेच सांगत, त्याचा तिथं काय संबंध ते देव जाणे.

जाडी त्या दोऱ्यानं मोजत. व्हर्नियर, म्हणजे हाड पकडून मोजायचा लोखंडी चिमटा, होता, जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला, तो लांबीला. वेढ्याला मात्र गोधडीचा दोरा. टेप हाडावर नीट टेकत नाही, तिच्याखाली हवा राहते, असं त्यांचं म्हणणं. कुणी नुसतं मोजमाप सांगितलं तर त्या विचारत, "दोरा टेकला होता का?"

एकदा घोडेगावच्या वरच्या अंगाला एका बिनकठड्याच्या विहिरीत सांबराची मादी पडली. कुत्र्यांनी पळवली असावी. गावकऱ्यांनी बाहेर काढेपर्यंत ती मेली. जंगल खात्याकडून मॅडमना मेलेली हरणं मोजायची परवानगी होती, पण हाडं घरी न्यायची नव्हती. त्यामुळं निरोप आला की जिथं असेल तिथं जावं लागे, आणि जायचं म्हणजे माझ्या स्कूटरवर. आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि वास सुटला होता. लोक नाकाला उपरणी लावून लांब उभे होते. मॅडम सरळ जनावरापाशी गेल्या, चपला काढल्या, हात जोडले आणि मगच पदर खोचला. तिथं जवळच कांद्याची काट्यावर भरणी चालली होती. मॅडमनी शेतकऱ्याला तोच वजनकाटा मागितला.

"मॅडम, त्याच्यावर कांदं तोलतो आमी," तो म्हणाला.

"मग? आज हिला तोला. ही काय कांद्याला नावं ठेवणार नाही."

माणसं हसली आणि हसता हसता मदतीला आली. मॅडमची ही खुबी होती. घाण वाटणाऱ्या कामाला त्या माणसांना हसवून जुंपायच्या. त्या दिवशी परत येताना त्या मागच्या सीटवरून एवढंच बोलल्या, "गाभण होती हो सर."

हरणांच्या शेजारी ताडून बघायला त्यांना शेळ्या-मेंढ्यांची हाडंही हवी होती. ती बाजारातल्या खाटकाकडून यायची. औट्यांची माळकरी सून खाटकाच्या दुकानासमोर नाकाला पदर लावून उभी राहते, ही बातमी आळ्याला पोचायला किती वेळ लागणार? सासूबाईंनी सांगून टाकलं की हाड उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आलं नाहीच. कॉलेजातल्या एका बंद पडलेल्या न्हाणीघरात सगळं ठेवलेलं असे. खाटीक बिचारा पाय साफ करून बाजूला ठेवायचा. तो कापायचा ती बकरी बाजारातली, कोवळी, वर्षा-दीड वर्षाची. गिऱ्हाइकाला कोवळंच लागतं. ही साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नाही. मॅडमच्या घरात मटण शिजत नव्हतं, आणि मी खात होतो तरी बोकडाचं वय कधी विचारलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळच्या वेळी कॉलेजच्या दारात जंगल खात्याची जीप येऊन थांबली. साहेब उतरले, त्यांच्यामागं एक गार्ड, हातात पोतं, आणि त्याच्यामागं एक उंच, सडपातळ धनगर. डोक्याला लाल पटका, हातात काठी नाही. धनगराच्या हातात काठी नसली की तो कसा अवघडतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्याचं नाव कोंडीबा. जुन्नरच्या पूर्वेकडचा, कोरड्या भागातला. मेंढ्या घेऊन घाटाकडं निघाला होता आणि डिंभ्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला त्याचा तळ पडला होता. तळावर सांबराचं पिल्लू मारून खाल्लं, अशी कुणीतरी खबर दिली. गार्डनं चुलीची जागा उकरली तर राखेखाली पुरलेली हाडं निघाली. त्यातली दोन लांब हाडं त्यानं उचलून आणली होती, बारीकसारीक तुकडे तिथंच सोडून.

"पुरली कशाला होतीस?" साहेबांनी आमच्यासमोर पुन्हा विचारलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. आवाज चढला नव्हता.

"नवसाचा बोकड व्हता सायेब," कोंडीबा म्हणाला. "नवसाचं हाड कुत्र्याच्या तोंडी द्येत न्हाई आमी. चुलीखालीच पुरतो."

"सगळे असंच म्हणतात." साहेब मॅडमकडं वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा. बोकड का सांबर? तुम्ही म्हणाल तसं पुढं जाईन."

कोंडीबा बाहेर कडुलिंबाखाली बसला. मॅडमनी हाडं टेबलावर ठेवली. दोन्ही पुढच्या पायाची. एका हाडाला खालच्या बाजूचं टोक नव्हतं, तुटलेलं नव्हे, सुटून गेलेलं. तिथला भाग खडबडीत, नांगरटीसारखा दिसत होता. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. हाड वाढतं ते टोकापाशी वाढतं. जनावर वयात येईपर्यंत टोक वेगळं असतं, वाढ पुरी झाली की ते दांड्याला चिकटून एकजीव होतं. टोक सुटलं, याचा अर्थ जनावर लहान होतं.

"आता लांबी बघा," त्या म्हणाल्या. "टोक नसताना एवढी. खाटकाकडच्या कुठल्याही बोकडापेक्षा लांब. लहान वयात एवढा लांब पाय बोकडाला येईलच कसा? आणि बारीक आहे. मोठ्या जातीचं पिल्लू, अंगात अजून भरलं नाही. सांबराचं."

त्यांनी पुन्हा पुन्हा मोजलं, दोरा टेकवून. मी ठिपका मांडला. बोकडांच्या घोळक्यापासून तो चांगला लांब पडला. मॅडमनी साहेबांना तसं लिहून दिलं, आणि देताना ते वाक्य म्हणाल्याच. जीप निघाली तेव्हा कोंडीबानं खिडकीतून मॅडमकडं बघितलं. राग नव्हता त्यात. मॅडम दारातच उभ्या होत्या आणि चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान होतं.

कोंडीबा कोठडीत गेला. आम्ही तासाला गेलो.

आठवडाभरानं त्याची बायको आली. हौसाबाई. काखेत आई मेलेलं कोकरू, कारण ते तळावर कुणाकडं सोडून येणार. रडली नाही, पाया पडली नाही. प्रयोगशाळेच्या दाराशी बसली आणि म्हणाली, "त्या सायबानी सांगितलं, बाईंनी लिवून दिलंय. म्हून इचारायला आले. किती दिस ठेवत्यात?"

मॅडम खुर्ची सोडून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. हातात खडू तसाच. म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. सोमवारी तारीख आहे."

"बाकीचं तळ खाली कोकनात गेलं. आमचं दीर मेंढरं राखत्यात, पर त्यांची सोताची बी हायती. चारा सपला तिथला." ती कोकराच्या पाठीवरून हात फिरवत होती. "लेकीच्या नवसाचा बोकड हो. तिला बरं वाटावं म्हून बोललो व्हतो. चार वरसं राखला. लहान असतानाच चेचला व्हता, न्हाईतर कळपात दम न्हाई काढू द्येत. नुसता उंचच उंच झाला. आमी त्याला पाटील म्हनायचो."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. चेचला म्हणजे खच्ची केला, हे त्यांना सांगायला लागत नव्हतं. शेतकऱ्याचीच पोर ती.

हौसाबाई गेल्यावर मॅडम न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसल्या. पुढचा तास बुडवला. त्यांनी तास बुडवलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. बाहेर आल्या तेव्हा तोंडावर पाणी मारलेलं होतं.

"सर, आमचे आप्पा गोऱ्हे खच्ची करायचे," त्या म्हणाल्या. "दर वेळी आमच्या गोठ्यात यावरून भांडण. काकांना घाई असायची. आप्पा म्हणायचे, लवकर चेचला की नुसता पाय काढतो, उशिरा चेचला की मान धरतो. मी लहानपणापासून ऐकलंय हे. वळूपेक्षा बैल उंच असतो, मी रोज बघितलंय. खच्ची केलं की हाडाला थांब म्हणणारं आतलं औषधच जातं. टोक चिकटत नाही आणि हाड वाढत राहतं." मग त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "चार वर्षांचा खच्ची बोकड. टोक सुटं, हाड लांब आणि बारीक. मला सांबराचं पिल्लू दिसलं. तो माणूस सांगत होता नवसाचा आहे म्हणून, आणि मला वाटलं, नवसाचा हाडाशी काय संबंध."

मी म्हटलं, मग लगेच साहेबांना सांगू. त्या म्हणाल्या, "काय सांगू? आप्पा म्हणायचे म्हणून? सरकारी वकील हसेल. माझ्याकडं एकही खच्ची हाड नाही सर. खाटकाकडं ते येतच नाही. लोक ते घरी कापतात. मला सोमवारच्या आत एक हाड बघायला पाहिजे."

तो शुक्रवार होता. शनिवारी आम्ही स्कूटरवरून वाड्या पालथ्या घातल्या. मॅडम मागं बसून सारख्या पर्सची चेन उघडबंद करत होत्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कुठं नवस फिटून गेला होता, कुठं बोकड होता तर खच्ची नव्हता, कुठं माणसंच उठवून लावत होती. एका ठिकाणी त्यांना प्राण्यांच्या दयेवर भाषण द्यायला आलेली बाई समजून म्हातारा काठी घेऊन उठला. शेवटी निमगाव सावाच्या पुढं एका धनगरवाडीत कळलं, उद्या दुपारी नवसाचं जेवण आहे, बोकड जुना आहे.

रविवारी आम्ही तिथं पोचलो तेव्हा चुली पेटल्या होत्या. घरची कर्ती म्हातारी चुलीपाशी बसून होती. मॅडमनी सगळं खरं सांगितलं, काही झाकलं नाही. मी चूक केली, एक माणूस आत आहे, उद्या तारीख आहे, मला पायाचं हाड बघायचंय. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"नवसाचं हाड भाईर जात न्हाई," ती म्हणाली.

"इथंच बघते."

"जो पंगतीला बसंल त्येच्याच हाताला हाड. बाकी कुनी शिवायचं न्हाई. न जेवता गेलेला मानूस नवस मोडतो." मग तिचं लक्ष मॅडमच्या गळ्यातल्या माळेकडं गेलं. तिला ती अट मागं घेता येत नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. बाजूला उभी असलेली बाप्या माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी म्हटलं, मॅडम, मी बसतो पंगतीला, हाड मी धरतो, तुम्ही लांबून सांगा.

"दोरा टेकला का ते लांबून कळत नाही सर."

त्यांनी मानेमागं हात नेला, माळ काढली आणि माझ्या हातात दिली. लग्न झाल्यापासून ती माळ उतरली नव्हती. मी ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि दिवसभर तिथं हात लावून बघत राहिलो. मला फार वाईट वाटत होतं. मॅडम पंगतीत बसल्या, पानावर भाकरी आली, रस्सा आला. त्यांनी डोळे मिटले, एक घास घेतला आणि गिळला. म्हातारी पुढं झाली आणि त्यांचं पान स्वतःच उचललं.

"बास," ती म्हणाली. "पोचलं देवाला."

जेवणं उरकली. हाडं टोपल्यात गोळा झाली, चुलीशेजारी खड्डा तयार होता. म्हातारीनं पुढच्या पायाचं हाड काढून मॅडमच्या हातात दिलं. घरधन्याला मॅडमनी आधी विचारलं, कधीचा बोकड, कधी चेचला, कुणी चेचला. तो सांगत गेला. साडेतीन वर्षांचा, दूध तुटायच्या आधी चेचलेला. मग त्यांनी हाडाच्या खालच्या टोकाला बोट लावलं. टोक सुटून त्यांच्या तळहातात पडलं.

त्यांनी व्हर्नियर लावला, दोऱ्याचा वेढा दिला, मी आकडे घेतले. आलेखाचा कागद मी स्कूटरच्या डिकीत आणलाच होता. नवा ठिपका कोंडीबाच्या ठिपक्याला चिकटून बसला. मला उड्या माराव्याशा वाटल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी निरपराध माणसाला आत घातलाय. आता नक्की झालं." टोपलं खड्ड्यात रिकामं होईपर्यंत त्या तिथं उभ्या राहिल्या.

सोमवारी त्या आधी साहेबांकडं गेल्या. साहेबांनी डोकं धरलं, पण अडवलं नाही. कोर्टात मॅडम उभ्या राहिल्या आणि आवाज न कापता म्हणाल्या, "मी दिलेलं मत चुकीचं आहे. हे हाड खच्ची केलेल्या बोकडाचं असू शकतं, आणि तसंच असावं. तसलं हाड मी आयुष्यात पहिल्यांदा काल पाहिलं. त्या चुलीखालचे राहिलेले तुकडे आणा, दात असतील, त्यावरून कुणालाही कळेल." सरकारी वकिलांनी विचारलं, मग तुमच्या आधीच्या मताची किंमत काय? "काही नाही," मॅडम म्हणाल्या. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

कोंडीबाला त्या दिवशी जामिनावर सोडलं. पुढं चुलीखालून जबड्याचा तुकडा निघाला, बोकडाचाच, आणि प्रकरण मिटलं. पण ते नंतर. त्या सोमवारी कोर्टाच्या आवारात मॅडम त्याच्यासमोर जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. हौसाबाई शेजारी होती. कोकरू नव्हतं. ते जगलं नव्हतं, आणि चाऱ्यावाचून बऱ्याच मेंढ्या विकाव्या लागल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं.

कोंडीबानं पटका सारखा केला. "बाई, तुमी हाड तीनतीनदा मोजलं," तो म्हणाला. "मी भाईर झाडाखाली बसलो व्हतो. मला एकडाव इचारलं न्हाई."

आणि तो बायकोला घेऊन चालायला लागला. मॅडमचे हात जोडलेलेच राहिले.

घरी काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. माळ मी त्या रविवारीच परत दिली होती, पण कित्येक महिने ती गळ्यात दिसली नाही. मग एका आषाढीनंतर दिसायला लागली. पुण्याच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, शेळ्यांचा भाग गाळा आणि प्रबंध देऊन टाका, हरणांचं सगळं ठीकच आहे. मॅडमनी ऐकलं नाही. दोन-तीन वर्षं नवसाच्या जेवणावळी हुडकत फिरल्या. आता माणसं त्यांना ओळखायला लागली होती आणि पंगतीत पानावर नुसती भाकरी ठेवली तरी चालवून घेत होती. पीएच.डी. उशिरा झाली, तिचा काही फायदा झाला नाही, बढती दुसऱ्याच कुणाला मिळून गेली होती. 'हाड खोटं बोलत नाही' हे वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. कुणी हाड घेऊन आलं की त्या हाड पिशवीतच ठेवायला सांगत, माणसाला आधी खुर्ची देत, पाणी देत आणि म्हणत, "सांगा." ऐकून पुरं झाल्याशिवाय पर्सची चेन उघडायची नाही. पुढं आमच्याकडं उसात बिबटे वाढले आणि शेतात हाड दिसलं की माणसाचं तर नाही ना म्हणून लोक ते घेऊन धावत यायचे, तेव्हाही त्या तशाच बसायच्या. माझ्यासारख्या उतावळ्याचा जीव नुसता वर-खाली होई.

दर वर्षी दिवाळीनंतर त्या आळ्याच्या आपल्या रानात मेंढ्या बसवायच्या. खतासाठी धनगराचा कळप रात्री रानात बसवायची आपल्याकडं पद्धतच आहे. दर वर्षी त्या कोंडीबाकडं निरोप धाडायच्या. दर वर्षी दुसराच कोणीतरी यायचा.

त्या निवृत्त झाल्या त्या सालची गोष्ट. मी मॅडमना भेटायला आळ्याला गेलो होतो. ओसरीवर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात अंगणात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. पटका तसाच लाल, हातात काठी.

"बाई, तुमच्या रानात मेंढरं बसवल्यात कालच्यान," तो म्हणाला. "नातवाच्या नवसाचा बोकड हाय आज. हाड भाईर जात न्हाई, तुमाला ठावं हाय. तवा तुमीच या."

मॅडमना पटकन उठता आलं नाही, गुडघे धरले होते. मी हात दिला. रानात गेलो तर हौसाबाईनं चुलीशेजारी घोंगडं अंथरलं होतं. मॅडम टेकल्या तशी तिनं त्यांच्यापुढं झाकलेली थाळी सरकवली. "तुमाला पिठलं येगळं केलंय," ती म्हणाली. "माळ ऱ्हाऊ द्या गळ्यात."

जेवणं झाली. कोंडीबानं टोपल्यातून पुढच्या पायाचं हाड काढलं आणि मॅडमसमोर घोंगड्यावर ठेवलं. मॅडमनी हात लावला नाही. मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर, आणि नजर त्याच्या तोंडाकडं. कोंडीबाला ते उमगलं. तो काठी बाजूला ठेवून समोर बसला आणि सांगायला लागला. बोकड कुठल्या शेळीचा, पाऊस किती होता त्या साली, नातू कसा आजारी पडला, चेचताना कुणी पाय धरले, उंची किती झाली, कुणाच्या उसात शिरून मार खाल्ला. बराच वेळ बोलत होता. मध्येच कळपाबद्दल बोलला, त्या वर्षी विकल्या त्या मेंढ्यांबद्दलही बोलला. मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

सांगून झाल्यावर त्यानं हाड मॅडमकडं सरकवलं.

"मोजा आता," तो म्हणाला.

मॅडमनी चेन उघडली आणि रीळ काढलं. त्यांच्या हातून वेढा आता सारखा सुटत होता. मी पुढं व्हायला लागलो, तर मॅडमनी मानेनंच नको म्हटलं. मग कोंडीबानं हात पुढं केला आणि दोऱ्याचं दुसरं टोक हाडावर दाबून धरलं.

"टेकला का?" मॅडमनी विचारलं.

"टेकला," कोंडीबा म्हणाला.

त्यानंतर त्या मुलीकडं नाशिकला राहायला गेल्या आणि माझी त्यांची भेट झाली नाही.